एसएसडी बसवताना जुन्या डिस्कची केबल काढा

संपादक महोदय,
स. न.

मी इंदूरला रामबागेत घरीच डीटीपीची कामे करते. लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणे, मंडळांच्या स्मरणिका. आजवरचे सगळे काम १ टीबीच्या एका हार्ड डिस्कवर आहे आणि माझे पोट त्यावर आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हा अनेकांसारखी मीही एका दुकानातून २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून घेतली. एसएसडी प्रायमरी, तिच्यावर विंडोज ११. जुनी डिस्क सेकंडरी, तिच्यावर फक्त फायली, असे ठरले होते. काम तासाभरात झाले. कॉम्प्युटर झटकन सुरू होऊ लागला, मी खूश.

काही महिन्यांनी जुनी डिस्क करकरायला लागली. घाबरून मी तिची केबल काढली, तर कॉम्प्युटर सुरूच होईना. काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस (ज्यावरून कॉम्प्युटर सुरू होतो ती डिस्क) मिळत नसल्याची एक ओळ, बस. त्याच दुकानात नेला. ‘मैडम, एसएसडी उड़ गई, नई डलवा लो,’ एवढेच उत्तर मिळाले. ऐन लग्नसराईत तीन पत्रिका अडकल्या होत्या.

सुटीवर आलेल्या भाच्याने जुनी डिस्क परत जोडली आणि कॉम्प्युटर सुरू झाला! मग त्याने डिस्क मॅनेजमेंट हा डिस्कची विभागणी दाखवणारा विंडोजचा भाग उघडून दाखवला. सी ड्राइव्ह एसएसडीवरच होता, पण विंडोज सुरू करणाऱ्या फायलींचा ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ हा १०० एमबीचा तुकडा होता जुन्या डिस्कच्या ओळीत. ‘मावशी, घर नवं बांधलं आणि किल्ली जुन्या वाड्यात ठेवली,’ तो म्हणाला. विंडोज टाकताना दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या आणि जुनीवर आधीचे बूट पार्टिशन असले, तर इन्स्टॉलर पुष्कळदा तेच वापरतो. एसएसडी ठणठणीत होती. भाच्याने तिच्यावर तेवढेच पार्टिशन तयार करून विंडोजच्या बीसीडीबूट या आदेशाने बूटच्या फायली लिहिल्या. जुन्या डिस्कवरच्या फायली आधी उतरवून घेतल्या, हे सांगायला नकोच.

चपट्या रिबन केबलच्या काळात अशी चूक सहज होत नसे असे मला वाटते. डिस्कच्या पाठीमागचा जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) नखाने उचलून मास्टर (पहिली) की स्लेव्ह (दुसरी) हे ठरवावेच लागे, आणि कोणती पिन कुठे याचा तक्ता डिस्कवरच चिकटवलेला असे. केबलचे निळे टोक मदरबोर्डला, काळे मास्टरला, मधले करडे स्लेव्हला. नंतर आलेल्या सॅटा या बारीक केबलमध्ये एका केबलला एकच डिस्क, जंपरची भानगड नाही. म्हणून दुरुस्ती करणारे विचारच करीत नाहीत. शिवाय विंडोज टाकताना सी, डी अशी अक्षरे न दिसता ड्राइव्ह ०, ड्राइव्ह १ एवढेच दिसते. तिथे चुकीचे पार्टिशन पुसले गेले असते तर माझी सगळी कामे गेली असती, या विचाराने अजून छातीत धस्स होते.

दुरुस्ती करणाऱ्या मुलांना माझी कळकळीची विनंती आहे: विंडोज टाकण्याआधी जुन्या डिस्कची केबल काढा. एक झाकण आणि एक केबल, दोन मिनिटांचे काम आहे. एसएसडीवरून कॉम्प्युटर चालू झाला की मगच बंद करून जुनी जोडा, आणि बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) बूटचा पहिला क्रम एसएसडीचा आहे ना ते बघा. ग्राहकांनीही दुकानातून निघण्याआधी जुनी डिस्क काढून कॉम्प्युटर एकदा आपल्यासमोर सुरू करायला लावावा.

आपली,
एक डीटीपी व्यावसायिक, रामबाग, इंदूर