गोष्टीतला मुलगा आणि बातमीतली मुले

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत बालसाहित्याशी निगडित चित्रपटांची ओळख करून देणारा लेख वाचला. त्यात ‘गुडबाय ख्रिस्तोफर रॉबिन’ या २०१७ सालच्या इंग्रजी चित्रपटाची गणना मुलांसोबत पाहण्याजोग्या हलक्याफुलक्या चित्रपटांत केली आहे. तो मुलांसोबत जरूर पाहावा, पण त्याला हलकाफुलका म्हणणे मला पटले नाही. तो मोठ्यांनी, विशेषतः मुलांविषयी लिहिणाऱ्या आणि छापणाऱ्या मोठ्यांनी, गंभीरपणे पाहावा असे मला वाटते.

चित्रपट आहे इंग्रज लेखक ए. ए. मिल्न आणि त्यांच्या मुलाविषयी. मिल्न हे पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील सॉमच्या रणभूमीवर लढून परतलेले लेखक. युद्धाचा धसका त्यांच्या मनातून गेलेला नसतो आणि लेखणी चालत नसते. ससेक्समधील घराजवळच्या ॲशडाउन अरण्यात चार-पाच वर्षांच्या मुलाचा कापडी अस्वलाशी चाललेला खेळ पाहताना त्यांना गोष्टी सुचतात, आणि १९२६ साली ‘विनी द पू’ हे पुस्तक येते. अस्वलाच्या नावातला ‘विनी’ लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एका खऱ्या अस्वलाकडून आला. कॅनडाच्या सैन्यातील एका पशुवैद्य अधिकाऱ्याने आपल्या विनिपेग शहरावरून त्या अस्वलाचे नाव ठेवले होते. गोष्टीतल्या मुलाचे नाव मात्र मिल्न यांनी शोधले नाही. स्वतःच्या मुलाचेच नाव, ख्रिस्तोफर रॉबिन, त्यांनी जसेच्या तसे छापले.

चित्रपटाचा उत्तरार्ध या एका निर्णयाचे परिणाम दाखवतो. घरात ‘बिली मून’ म्हणून हाक मारल्या जाणाऱ्या या मुलाला छायाचित्रकारांपुढे आणि वाचकांपुढे पुस्तकातला ख्रिस्तोफर रॉबिन म्हणून उभे केले जाते. त्याच्या मनातले ओळखणारी एकटी दाई असते. पुढे वसतिगृहाच्या शाळेत हेच नाव त्याच्या छळाला कारण होते. प्रत्यक्षातही तसेच घडले होते. लहानपणी पलंगाशी गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्तोफरवर वडिलांनी एक कविता लिहिली होती, आणि तिची ध्वनिमुद्रिका शाळेतील मुले त्याला चिडवण्यासाठी पुन्हा पुन्हा वाजवीत असत.

चित्रपटात दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या मुलाचा आणि वडिलांचा शेवटी समेट होतो. दिग्दर्शक सायमन कर्टिस यांनी प्रेक्षकांच्या समाधानासाठी असा शेवट केला असेल, पण खरा इतिहास त्याहून कठोर आहे आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेख यायला हवा होता. ख्रिस्तोफर मिल्न यांनी १९५१ मध्ये डार्टमथ गावी पुस्तकांचे दुकान काढले आणि उपजीविका केली. वडील १९५६ मध्ये वारले. त्यानंतर आई पंधरा वर्षे जगली, परंतु मायलेकाची भेट जवळजवळ झालीच नाही. १९७४ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी आत्मकथन लिहिले. वडील आपल्या कोवळ्या खांद्यांवर चढून मोठे झाले, त्यांनी आपले नाव हिरावून घेतले आणि आपल्यासाठी केवळ पोकळ कीर्ती ठेवली, असे एकेकाळी वाटत होते, हे त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितले आहे. मिल्न क्रूर बाप नव्हते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. १९२८ नंतर त्यांनी या मुलावरचे लेखन थांबवले. परंतु तोवर ते नाव जगभर गेले होते आणि ते परत घेणे कोणाच्याही हाती उरले नव्हते.

हे पत्र लिहिण्याचे कारण मात्र इंग्लंडमधले नाही. यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत मी आयुष्यभर शिक्षकी केली. कर्जबाजारी शेतकऱ्याने आत्महत्या केली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वृत्तपत्रांचे व वाहिन्यांचे प्रतिनिधी गावात येतात. हार घातलेली बापाची तसबीर लेकराच्या हाती देऊन छायाचित्र घेतले जाते आणि खाली लेकराचे नाव, वय, इयत्ता व गाव छापले जाते. पुढे कोणी पुढारी धनादेश द्यायला आला की तेच लेकरू पुन्हा पुढे बसवले जाते. या बातम्यांमुळे मदत येते, सरकार जागे होते, हे मी नाकारत नाही. कापसाला भाव मिळत नव्हता तेव्हा आमच्या भागाचे दुःख मुंबईपर्यंत पोचवले ते वृत्तपत्रांनीच. परंतु माझा एक विद्यार्थी दहावीनंतर तालुक्याच्या गावी प्रवेश घ्यायला गेला, तेव्हा अर्ज घेणाऱ्या बाईंनी त्याला सर्वांदेखत, ‘पेपरात फोटो आला होता तो तूच ना रे?’ असे विचारले. बाईंच्या मनात मायाच असेल. मुलाने अर्ज परत घेतला आणि दुसरीकडे नाव घातले. गुणवंत म्हणून, खो-खोपटू म्हणून ओळख मिळवण्याआधीच त्याची ओळख छापून झाली होती.

यावर आईची परवानगी घेतली होती असे उत्तर मिळते. नवरा जाऊन दोन दिवस झालेले, दारात माणसांची गर्दी, अशा वेळी ती बाई नाही कशी म्हणेल? आणि ख्रिस्तोफरच्या बाबतीत तर परवानगी देणारा आणि लिहिणारा बाप एकच होता. पालकांच्या होकाराने मुलाचा प्रश्न मिटत नाही, हे त्या घराच्या कहाणीवरून दिसते.

अत्याचारपीडित बालकांची ओळख कायद्याने गुप्त ठेवावी लागते आणि आपण ती ठेवता. तीच काळजी शोकात असलेल्या मुलांच्या बाबतीत, कायदा सांगत नसला तरी, आपल्या वृत्तपत्राने स्वतःहून घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. बातमी पूर्ण द्यावी, कर्जाचा आकडा, बँकेचा तगादा, नापिकी, सारे छापावे. लेकराचा चेहरा आणि नाव तेवढे वगळावे. जुन्या बातम्या आपल्या संकेतस्थळावर आजही सापडतात. त्यांतील मुलांपैकी जी आता सज्ञान झाली आहेत, त्यांनी मागणी केल्यास नाव व छायाचित्र काढून टाकण्याची सोय करावी आणि त्यासाठी कोणाकडे अर्ज करायचा हे आपल्या अंकात ठळकपणे छापावे.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त शिक्षक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ