'खरं सांगू का, बाई?'

संपादक महोदय,

मी तासगावच्या एका शाळेत 29 वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. 'मूलभूत हक्क व मार्गदर्शक तत्त्वे यांतील फरक सांगा' हा माझा हमखास प्रश्न. 'मार्गदर्शक तत्त्वांसाठी कोर्टात दाद मागता येत नाही' एवढे लिहिले की मी गुण देऊन मोकळी होई. राज्यघटनेच्या कलम 37 चे पुढचे अर्धे वाक्य, की देशाचा कारभार करताना हीच तत्त्वे मूलभूत मानायची, फारसे कुणी लिहीत नसे आणि मीही गुण कापत नसे.

आता गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांचे श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे गरीब वृद्धांना राज्य सरकार देते त्या पेन्शनचे, अर्ज भरून देते. परवा एक आजी आल्या. सत्तरीच्या, नवरा नाही. हंगामात बेदाणा निवडायला शेडवर जातात, एरवी मिळेल ते काम. उत्पन्नाचा रकाना आला तशा हळूच म्हणाल्या, "खरं सांगू का, बाई?"

अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवे. भागाकार करून पाहा, दिवसाला 58 रुपयेही पडत नाहीत. एवढ्यात आख्खे कुटुंब जगवणारा माणूस तहसीलच्या पायरीपर्यंत पोहोचायचाच नाही. म्हणून उत्पन्नाच्या दाखल्याला जाताना जो तो उत्पन्न 'आत बसवून' सांगतो. सत्तर वर्षांच्या बाईला महिना दीड हजारासाठी खोटे बोलायला लावणारी ही अट कुणी कधी तपासून पाहते का?

पेन्शन मलाही आहे. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला मी देते, अर्ज मंजूर झाला की आजींनाही दरवर्षी तो द्यावा लागेल; तिथवर आम्ही दोघी सारख्याच. पण माझा महागाई भत्ता निर्देशांकाप्रमाणे वाढत जातो (थकबाकी कधी मिळते हा वेगळा विषय). आजींच्या योजनेचे पैसे मात्र सरकारच्या मनात येईल तेव्हाच वाढतात. राज्याने 2023 मध्ये 1,000 चे 1,500 केले, त्याबद्दल आभार. केंद्र दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धाला, वय ऐंशीच्या आत असेल तर, महिना 200 रुपये देते. 2007 मध्ये इंदिरा गांधींच्या नावाने केंद्राची ही योजना आली तेव्हाही 200 च होते.

मार्गदर्शक तत्त्वांपैकीच कलम 41 मध्ये वार्धक्यात सरकारी मदत मिळण्याचा हक्क आहे, पण तो 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत'. घटना समितीत के. टी. शहांनी या तत्त्वांना बँकेला जमेल तेव्हा वटणाऱ्या चेकची उपमा दिली होती. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात सांगितले, की ही तत्त्वे मोडणाऱ्याला कोर्टात नसेल, पण निवडणुकीत मतदारांपुढे जाब द्यावा लागेल. मला शहांची उपमा चपखल वाटते आणि बाबासाहेबांची आशा सोडवत नाही. पण आर्थिक क्षमतेची मर्यादा आजींच्याच वेळी का आठवते? माझा भत्ता वाढवताना तिचा उच्चारही कुणी करत नाही.

मागणी साधी आहे. ज्या निर्देशांकावर माझा भत्ता ठरतो त्यालाच ही 21,000 ची मर्यादा आणि अनुदानाची रक्कम बांधून टाका. हे एका शासन निर्णयाचे काम आहे, त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

आजींच्या अर्जातला तो रकाना मी अजून पेन्सिलीनेच भरलेला आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, तासगाव (जि. सांगली)