मातीच्या भिंतींना सिमेंट थापू नका

महोदय,

तळ्याकाठच्या जुन्या वाड्याचे मालकच हॉटेल करताहेत, हे वाचून बरे वाटले. उदयपूरच्या पिचोला तलावातला राजघराण्याचा जगनिवास १९६३ पासून हॉटेल झाला, म्हणून तर नांदता राहिला. माझी हयात गवंडीकामात गेली, तेव्हा एवढेच सांगतो. तळ्याची ओल पायातून भिंतीत चढते. चुन्याचा गिलावा असेल तर ती उडून जाते, सिमेंटखाली मात्र कोंडते. मग लोणा म्हणजे पांढरा खार लागतो, पोपडे निघतात. धाब्याच्या म्हणजे सपाट छतावरची माती उपसून स्लॅब टाकायचीही घाई नको, वैशाखात जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा ही मातीच तारते. (सागवानी खांबांना ऑइलपेंट फासणारे तर डोक्यातच जातात!) आणि हो, भरताची वांगी गॅसवर नको, काड्यांवरच भाजा.

— एक निवृत्त गवंडी, पारोळा