नॉसच्या कड्याखालून नाव नेताना

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आईने विचारलं, एवढ्या उंच कड्याखाली नाव नेता, ती आपटत नाही का? तेव्हा रेंज गेली, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

नॉस हे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांमधलं छोटं बेट. त्याचा पूर्वेकडचा कडा १८१ मीटर उंच आहे. वाळूच्या दगडाचे थर झिजून त्यात फळीवर फळी ठोकावी तशा कपारी झाल्यात. मे महिन्यात त्या पक्ष्यांनी भरतात. आमची नाव जेमतेम सहा मीटरची, एक शीड आणि मागे लहान इंजिन.

बाबा, तुमच्या डोंग्याचा बांबू तलावाच्या तळाला टेकतो. इथे कड्याच्या पायथ्याशीही पाणी खोल, नांगर धरेल याचा भरवसा नाही. म्हणून पूर्वेचा वारा असला की जायचंच नाही. इंजिन बंद पडलं तर तो नाव सरळ दगडावर नेतो. पश्चिमेचा वारा नावेला कड्यापासून दूर ढकलतो, पण त्यालाही भुलायचं नाही. कड्याच्या आडोशाला क्षणभर सगळं शांत असतं आणि मग माथ्यावरून वाऱ्याचा झोत धाडकन खाली पडतो. शीड मोठं असेल तर नाव आडवी होते. ते लहान करायचं काम कड्याशी पोचायच्या आधी, मोकळ्या पाण्यात उरकायचं.

लाटेचंही तसंच. तलावाच्या पाळीवर आपटून लाट मागे फिरते, ते तुम्ही पाहिलंय. इथे ती परतणारी लाट येणाऱ्या लाटेला भिडते आणि पाणी टोकं काढून उसळतं, नाव कुठेही फेकली जाते. कड्यापासून दोनशे मीटर दूर राहिलं की हा त्रास बराच कमी होतो.

आणि अंतर ठेवायचं दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. गिलेमॉट नावाचा पक्षी घरटं बांधतच नाही. उघड्या दगडावर एकच अंडं, तेही पायांवर घेऊन उबवतो, महिनाभर. नाव फार जवळ आली, भोंगा वाजला की सगळी रांग एकदम उडते. अंडी घरंगळून समुद्रात पडतात, उरलेली कुरव पक्षी पळवतात. पक्षी माना वर करून डोकी हलवू लागले की आपण जवळ आलोय असं समजायचं आणि लगेच बाहेर वळायचं. पाण्यावर थवा बसलेला असेल तर मधून न जाता वळसा घालायचा. मेलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही. २०२२ मध्ये बर्ड फ्लूने इथले गॅनेट आणि स्कुआ हे समुद्रपक्षी फार मेले.

खेकड्यांच्या सापळ्यांचे दोर इंजिनाच्या पंख्यात गुंततात, त्यामुळे पुढे एकजण सतत पाण्यावर नजर ठेवतो. इंधनाचा हिशेब असा: एक हिस्सा जायला, एक यायला, एक हात न लावता ठेवायचा.

आई, जीवरक्षक जॅकेट घाटावरच चढवतो. तिकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा इथलं पाणी जेमतेम नऊ अंश असतं. पडलेल्याला पहिल्या मिनिटात श्वासच आवरत नाही, मग पोहणं येऊन उपयोग काय?

बेटांमधल्या चिंचोळ्या जागेत भरती-ओहोटीचं पाणी नदीसारखं धावतं. अमावास्या-पौर्णिमेनंतर एकदोन दिवस ते सर्वांत जोरात, अष्टमीनंतर मंद. या वेळची फेरी वद्य दशमीला धरली आहे. बाबा, पंचांगात तारीख बघून ठेवा. त्या दिवशी संध्याकाळी किनाऱ्याला लागले की फोन करते.

तुमची,
लेक