कादंबरी पुन्हा लिहायला घेतली आहे

ती. आई आणि बाबा,
सा. न.

हे फोनवर सांगायला गेलं की बाबा "बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई लगेच झोप झाली का विचारते, मग सांगायचं राहूनच जातं. म्हणून पत्र.

कादंबरी झाली, असं मी गेल्या वर्षी सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. शेवटच्या पानाखाली तारीख घातली आणि त्याच रात्री तुम्हाला फोन केला. पण झाला होता तो पहिला खर्डा. आता मी ती पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिते आहे आणि त्यासाठी नोकरीचे दिवस आठवड्याला तीनच करून घेतले आहेत. या गोष्टीला महिना झाला. आधी विचारायला हवं होतं, पण तुम्ही "नको" म्हणाला असतात तर माझं पाऊल उचललं गेलं नसतं.

बाबा, तुम्ही ओळखीच्या सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, ते मला माहीत आहे. कुणी विचारलं तर पुनर्लेखन चालू आहे म्हणून सांगा. त्यात कमीपणा काही नाही. हेमिंग्वेनं 1929 साली आलेल्या त्याच्या कादंबरीचं शेवटचं पान 39 वेळा लिहिलं होतं, असं त्यानंच मुलाखतीत सांगितलं आहे. मी तर अजून दुसऱ्याच खर्ड्यात आहे.

झालं असं. खर्डा मी सहा आठवडे कपाटात ठेवून दिला, हातही लावला नाही. आपलं लिहिलेलं लगेच वाचलं तर डोळे कागदावरचं वाचत नाहीत, मनातलंच वाचतात. मग सगळी 340 पानं छापून काढली आणि मोठ्यानं वाचायला बसले. मोठ्यानं वाचलं की ओबडधोबड वाक्य जिभेला अडतं. साठाव्या पानावर मी थांबले. गोष्ट सांगत होता घर सोडून गेलेला मुलगा, आणि मागं राहिलेली त्याची आई नुसती त्याच्या आठवणीत येऊन जात होती. "आईला वाईट वाटलं" असं त्यानं अकरा ठिकाणी म्हटलं आहे. मी मोजलं. त्या अकरापैकी एकाही ठिकाणी ती काही करताना दिसत नाही.

कादंबरी तिची होती आणि मी ती मुलाच्या तोंडी दिली होती.

निवेदक बदलायचा तर नुसती क्रियापदं बदलून भागत नाही. मुलाला जे ठाऊक आहे ते आईला ठाऊक नाही, आणि दार लावून घेतल्यावर घरात जे झालं ते मुलाला कधीच कळणार नाही. त्यानं लपवलेलं पत्र आधी तिसऱ्या प्रकरणात होतं. आता ते तिला सापडेल तेव्हाच वाचकाला दिसणार, म्हणजे थेट आठव्यात. मधलं सगळं उकलावं लागलं. तारखांचा तक्ताही नव्यानं केला: कोण कोणत्या वर्षी किती वयाचं, कोण कधी आजारी. पहिल्या वेळी तो केला नव्हता, तर धाकट्या बहिणीचं एक अख्खं वर्ष गायब झालं होतं.

एक प्रसंग सांगते. आधीच्या खर्ड्यात होतं, "मी निघालो तेव्हा आईला फार दुःख झालं." आता ती त्याच्या सदऱ्याची घडी घालते आहे. आधी बाह्या मागं, मग मधोमध. मग घडी मोडते आणि पुन्हा घालते. तिसऱ्यांदा मोडते तेव्हा तो म्हणतो, "दे, चुरगळला तरी चालेल." बस, एवढंच. या सहा ओळींना मला चार दिवस लागले.

आई, ती बाई तू नाहीस. तिचा स्वभाव वेगळा, तिचं दुःख वेगळं, आणि काकांच्या त्या वर्षातलं एक अक्षरही मी त्यात आणलेलं नाही, आणणारही नाही. पण हात तुझे आहेत. बाह्या आधी मागं घेणारी मी तुझ्याशिवाय कुणी पाहिली नाही. तुला नको वाटलं तर सांग, मी तिला दुसरं काही काम देईन. खरंच देईन.

बाबा, तुम्ही म्हणाल, नोकरी सांभाळून लोक लिहितातच की. लिहितात. अँथनी ट्रोलप टपाल खात्यात होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचायचा, मग समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला 250 शब्द. अशा 47 कादंबऱ्या लिहिल्या त्यानं. मीही सहा वर्षं तसंच केलं, पहिला खर्डा त्यातूनच झाला. पण खर्डा तुकड्यातुकड्यानं होतो, पुनर्लेखन होत नाही. तिथं सगळी कादंबरी एकाच वेळी डोक्यात धरून ठेवावी लागते, आणि दोन दिवस खंड पडला की परत आत शिरायलाच तिसरा दिवस जातो. वर्षभर पुरेल एवढी तजवीज आधीच करून ठेवली आहे, त्यामुळे पैशांची काळजी करू नका.

माझं इथं नीट चाललं आहे. खुर्चीला पाठ आहे, उजेड डावीकडून येतो, दोन्ही वेळचं जेवण गरम असतं. सहाला उठते, दहापर्यंत लिहिते, पाचशे शब्द झाले की पुरे. पुढचं सुचत असतानाच थांबते, म्हणजे उद्या कुठून सुरू करायचं हे कळतं. दुपारी चालायला जाते. अडलेलं पुष्कळदा तिथंच सुटतं, म्हणून खिशात छोटी वही असते. काही दिवस एक ओळही होत नाही. तेव्हा फोनवर माझा आवाज बसलेला वाटतो, पण मी आजारी नसते, आई. त्या दिवसांतही मी टेबलाशी बसून असते, आणि तेही कामच आहे.

परवा फार थकले होते. टेबलावर डोकं ठेवलं आणि बाबा माझ्या वह्यांना कव्हरं घालायचे तेव्हाचा कागदाचा आवाज आठवला. मी अंथरुणातून बघत असायची. कोपरा बसला नाही की तुम्ही सगळं उलगडून पुन्हा घालायचात. मला वाटायचं, सगळ्यांचे बाबा असंच करतात.

आता तुमचं. बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळी, "विसरलो होतो म्हणून दुपारी घेतली" चालणार नाही. डोळ्यांची तारीख तिसऱ्यांदा पुढे ढकलायची नाही, मी डॉक्टरांना स्वतः फोन करणार आहे. स्टुलावर कुणीही चढायचं नाही, माळ्यावरचं मी आल्यावर काढेन. आई, गुडघ्याचे व्यायाम तू करत नाहीस, बाबांनी मला सांगितलं आहे. त्यांच्यावर रागावू नकोस. चार महिन्यांनी दुसरा खर्डा झाला की मी पंधरा दिवस येते आहे, त्याआधी काही वाटलं तर रात्री दोनला सुद्धा फोन करा. लिहीत असले तरी उचलेन.

एक काम आहे, आई. नवव्या प्रकरणात मुलगा निघून जातो, ती दार लावते, आणि पुढं मला काही दिसत नाही. तीन आठवडे तिथंच अडले आहे. मी पहिल्यांदा घर सोडलं त्या सकाळी, दार लावल्यावर तू आधी काय केलंस? रडलीस का हे विचारत नाही. कुठल्या खोलीत गेलीस, हातात काय घेतलंस, एवढंच लिहून पाठव. सावकाश आठवून लिही, शुद्धलेखनाचं बघू नकोस.

तुमची,
ताई