आधी वकील, मग सॉरी

महोदय,

अमेरिकेला शिकायला निघालेल्या मुलांनी बॅगेत काय न्यावं, याची यादी आपल्या पुरवणीत वाचली. एक गोष्ट राहून गेली, म्हणून हे पत्र.

माझा पुतण्या न्यू जर्सीत एमएस करतो. तिथल्या एका मोठ्या दुकानात गिऱ्हाईक स्वतःच यंत्रावर बिल करतं. तांदळाच्या पिशवीखालच्या हेडफोनचं बिल करायचं राहिलं आणि दारातल्या रक्षकानं त्याला अडवलं. पोरगं घाबरलं, चार वेळा 'सॉरी सर, माय मिस्टेक' म्हणालं. मोठ्यांपुढे आधी माफी मागायची, हे आम्हीच शिकवलेलं. ते 'सॉरी' रक्षकाच्या अहवालात जसंच्या तसं उतरलं. मग पोलीस आले, हातात समन्स पडलं.

पोलिसांनी 'गप्प राहण्याचा अधिकार आहे' असं ऐकवलंच नाही, म्हणजे केस सुटणार, असं घरी सगळे म्हणाले. मी सांगलीच्या कोर्टात तीस वर्षं कारकुनी केली, तरी मलाही तसंच वाटलं. पण अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या 1966च्या मिरांडा निकालातली ती ताकीद पोलीस ताब्यात घेऊन चौकशी करतात तेव्हाच लागते, दुकानाच्या रक्षकाला नाही. शिवाय ती दिली नाही तर बाद होतो तो जबाब, खटला नव्हे. ज्याच्या खटल्यात हा निकाल लागला, त्या खुद्द अर्नेस्टो मिरांडाला पुढे त्या जबाबाशिवायच शिक्षा झाली.

नुसतं गप्प बसूनही भागत नाही. 2010च्या टॉम्पकिन्स खटल्यातला आरोपी पावणेतीन तास जवळजवळ मुका होता, शेवटी एका प्रश्नाला 'हो' म्हणाला आणि ते त्याच्याविरुद्ध धरलं गेलं. गप्प राहायचंय हे तोंडानं सांगावं लागतं. 'मला वकील हवा' म्हटलं, की मात्र पोलिसांना चौकशी थांबवावीच लागते.

'गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो,' असा सल्ला पुतण्याला ओळखीच्यांनी दिला. व्हिसाची कामं करणाऱ्या एका वकीलबाईंनी वेळीच रोखलं. परदेशी माणसाला चोरीची कबुली हद्दपारीपर्यंत नेऊ शकते. केंटकीत खटला चाललेला होसे पडिया हा ट्रकचालक चाळीस वर्षं अमेरिकेत कायदेशीर राहिलेला, व्हिएतनाम युद्धात लढलेला. 'काळजी नको' असं वकील म्हणाला म्हणून त्यानं गुन्हा कबूल केला आणि हद्दपारी समोर उभी राहिली. वकिलानं हा धोका अशिलाला सांगायलाच हवा, असं सुप्रीम कोर्टानं 2010मध्ये त्याच्याच प्रकरणात ठरवलं. गरिबाला सरकारी खर्चानं वकील मिळतो तोही फौजदारी खटल्यात, हद्दपारीच्या सुनावणीत नाही.

पुतण्याचं प्रकरण मिटायला सात महिने लागले. तोवर वहिनी रात्री दोनला उठून फोन बघायच्या. आता ऑगस्टमध्ये भाची निघतेय. तिच्या पासपोर्टच्या कव्हरात मी चिठ्ठी घातली आहे : 'आय वॉन्ट अ लॉयर.' यादी पुन्हा छापाल तेव्हा हे वाक्य त्यात घ्यावं, ही विनंती.

– एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सांगली