ढगात शिरल्यावर

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. नमस्कार.

ढगात काहीच दिसत नसताना विमान सरळ चालले आहे हे तुला कळते कसे, असे बाबांनी परवा फोनवर विचारले. घाईत मी "यंत्रे असतात" एवढेच म्हणाले आणि आईचे समाधान झाले नाही हे तिच्या आवाजावरून जाणवले, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतला द्रव क्षणभर मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला वळण समजते. परंतु विमान एकाच गतीने वळत राहिले, तर दहा-वीस सेकंदांत तो द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो, वळण्याची जाणीव नाहीशी होते आणि मग विमान सरळ केले की ते उलट बाजूला वळते आहे असे वाटते. क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक लगेच सुधारतात. ढगात ती सुधारायला कोणी नसते. नकळत कललेले विमान उंची गमावू लागते, वैमानिक नाक वर खेचतो आणि त्यामुळे ते वळण अधिकच आवळत जाते. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने यंत्रांच्या आधारे उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचे दिसू न देता विमान चालवायला दिले, तेव्हा एकालाही ते सावरता आले नाही. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले.

मी पहिल्यांदा खऱ्या ढगात शिरले तेव्हा आपण डावीकडे कललो आहोत अशी माझी खात्रीच झाली होती. कृत्रिम क्षितिजाची, म्हणजे विमान किती कलले आहे ते दाखवणाऱ्या यंत्राची, रेषा मात्र आडवी होती. हात उजवीकडे दाबायला शिवशिवत होते आणि शेजारी बसलेले शिक्षक मुद्दाम गप्प होते. आई, ही जाणीव अनुभवाने जात नाही. आजही कधीकधी शरीराला वाकडे वाटत असतानाच मी विमान सरळ ठेवते.

यंत्रही बिघडू शकते, हे बाबांच्या मनात आलेच असेल. म्हणून नजर कृत्रिम क्षितिज, उंची, वेग, दिशा आणि वळणदर्शक यांवर सतत फिरती ठेवायची. एकाचे म्हणणे इतरांशी जुळले नाही, तर त्याला बाजूला ठेवायचे. आणि ढगात शिरण्यापूर्वी, बाहेरचे क्षितिज दिसत असतानाच, पटलावरची रेषा त्याच्याशी जुळते का हे मी दर वेळी पाहून घेते.

तुमची,
लेक